कृष्णाकाठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णाकाठाबद्दल लिहायला लागल्यापासून प्रश्न येतच असतात. सहलीला निघालेले विचारतात, प्रकल्पवही भरणारी मुलं विचारतात, पुण्यामुंबईत स्थायिक झालेले मूळचे इकडचे विचारतात. पावसाळ्यात एकच प्रश्न शंभर जण विचारतात, तो कुठला हे सांगायला नको. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द जमेल तितके विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कृष्णाकाठ म्हणजे नेमका कुठला भाग? संपूर्ण कृष्णा नदीचं खोरं का?

नाही. नदी सुमारे १,४०० किलोमीटर लांब आहे आणि ती महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. मराठी माणूस 'कृष्णाकाठ' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वाईपासून नृसिंहवाडी-कुरुंदवाडपर्यंतचा पट्टा असतो. म्हणजे साताऱ्याचा मधला भाग, सांगलीचा पश्चिम भाग आणि कोल्हापूरचा शिरोळ तालुका.

पण एकाच तालुक्यात नदीकडेचं गाव कृष्णाकाठचं असतं आणि दहा मैलांवरचं माळावरचं गाव नसतं. काळी जमीन, ऊस, घाट आणि पूर या चार गोष्टी जिथे एकत्र आहेत तो कृष्णाकाठ, अशी माझी कामचलाऊ व्याख्या. सांगली जिल्ह्यातलाच जतचा माणूस स्वतःला कृष्णाकाठचा म्हणवणार नाही, आणि त्याचं कारण प्रश्न १० मध्ये आहे. तुमचं गाव नदीपासून किती लांब आणि किती उंच, यावर इथली बहुतेक उत्तरं बदलतात. पुढे हे सारखं जाणवेल.

२. कृष्णेचा उगम जुन्या महाबळेश्वरच्या गोमुखातून होतो हे खरं आहे का?

श्रद्धेने हो. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांच्या धारा आहेत आणि त्यांचं पाणी एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडतं. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी तिथे प्रकट होते, असंही सांगतात.

भूगोलाने पाहिलं तर नदी एका तोंडातून निघत नाही. महाबळेश्वरच्या पठारावर आणि खालच्या जोर गावाच्या खोऱ्यात जे शेकडो ओहोळ पावसाळ्यात धावतात ते मिळून कृष्णा होते. शाळेच्या वहीत 'महाबळेश्वर' लिहा, गुण मिळतील. खरा उगम पाहायचा असेल तर जुलैत जोरच्या बाजूला जा. प्रत्येक कडा गळत असतो.

३. अरबी समुद्र इतका जवळ असताना नदी उलटी पूर्वेला का जाते?

उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण ६५ किलोमीटर आहे. पण सह्याद्रीचा माथा हा पाणलोटाचा कणा आहे. पश्चिमेला एकदम तुटलेला कडा, पूर्वेला मंद उतरत गेलेलं पठार. माथ्याच्या पूर्वेला पडलेला थेंब त्या उताराने जातो तो थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. शेजारीच उगम पावणारी सावित्री मात्र पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीला मिळते.

याच रचनेमुळे पाऊसही एकाच बाजूला अडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस सांगलीपर्यंत येईतो सहाशेच्या आसपास उतरतो, आणि आणखी पूर्वेला त्याहूनही कमी होतो. कृष्णाकाठचा पूर आणि कृष्णाकाठाशेजारचा दुष्काळ, दोन्ही या एका वाक्यात आहेत.

४. वाटेत किती नद्या मिळतात? संगमांची नावं सांगाल का?

वरून खाली येऊ. माहुलीला वेण्णा मिळते. पुढे उरमोडी आणि तारळी. कराडला कोयना. ब्रह्मनाळला येरळा. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरला वारणा. आणि नृसिंहवाडीला पंचगंगा, जी स्वतःच कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा नद्यांची बनलेली आहे. महाबळेश्वरच्या मंदिराचं नाव पंचगंगा आणि कोल्हापूरच्या नदीचं नावही पंचगंगा, म्हणून गोंधळ होतो. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही.

यातली येरळा पूर्वेकडच्या कमी पावसाच्या मुलखातून येते. तिचं पात्र वर्षातला बराच काळ कोरडं असतं, त्यामुळे संगमावर उभं राहूनही 'दुसरी नदी कुठाय?' असा प्रश्न पडतो. भीमा हीसुद्धा कृष्णेचीच उपनदी, पण ती पार रायचूरजवळ मिळते. कृष्णाकाठच्या बोलण्यात ती नसते.

५. कराडला दोन नद्या समोरासमोर धडकतात म्हणतात. असं खरंच दिसतं का?

दिसतं. कृष्णा उत्तरेकडून येते. कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे धावून हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला येऊन जवळजवळ समोरून भिडते. मग दोघी काटकोनात वळून एकत्र निघतात. म्हणून 'प्रीतिसंगम'. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन पाण्यांचे रंग वेगळे असले की मधली रेघ काही काळ स्पष्ट दिसते.

संगमावरच महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. त्यांचा जन्म १९१३ मध्ये देवराष्ट्र्याला झाला आणि त्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कृष्णाकाठ' हेच नाव दिलं. कराडला आलात तर संध्याकाळी नदीच्या वाळवंटात बसा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जखिणवाडीच्या बाजूने आगाशिवच्या डोंगरातली बौद्ध लेणी पाहा. साठाच्या वर लेणी आहेत आणि माणसं फारच कमी.

६. एका दिवसात वाई ते सांगली करायचं आहे. काय पाहू?

गाडीने होतं, पण घाई होते. वाईत ढोल्या गणपती (१७६२, रास्त्यांनी बांधला) सगळेच पाहतात. तिथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरी घाट आहे. घाटावर एक मोठी घंटा टांगलेली दिसते. ती देवळाची नाही, चर्चची आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली ती. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती उठावात दिसते. मेणवलीच्या बायका शेजारीच धुणं धूत असतात आणि घंटेकडे ढुंकून बघत नाहीत. मला तेच दृश्य जास्त आवडतं.

साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. अष्टकोनी विहीर, पोटात छोटा महाल, वर बारा मोटा (बैलांनी पाणी ओढायच्या चामडी पिशव्या) एकाच वेळी चालतील अशी जागा. पुढे माहुली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे इथले. छत्रपती शाहू महाराज आणि महाराणी ताराबाई यांच्या समाध्याही इथेच संगमावर. मग कराड (प्रश्न ५), औदुंबर आणि संध्याकाळी सांगलीचं गणपती मंदिर. एवढ्यात दिवस संपतो. नृसिंहवाडी आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला पळतपळत भेट देणं हा त्या मंदिराचा अपमान आहे.

७. 'कन्यागत' आणि वाईचा 'कृष्णाबाईचा उत्सव' एकच का?

नाही. कन्यागत बारा वर्षांतून एकदा येतं. गुरू कन्या राशीत गेला की कृष्णेचं पर्व सुरू होतं, जसा सिंहस्थ गोदावरीचा. मागचं कन्यागत २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, त्या हिशेबाने पुढचं २०२८ ला.

कृष्णाबाईचा उत्सव दरवर्षीचा आणि खास वाईचा. अफजलखानाचं ठाणं वाईत होतं. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आलेलं ते संकट टळावं म्हणून नदीला नवस बोलला गेला आणि त्यातून उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगते. हिवाळ्याच्या अखेरीपासून वेगवेगळ्या घाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाई बसते. मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, रामडोह, प्रत्येक घाटाचे दिवस वेगळे. कीर्तन, हळदीकुंकू, महाप्रसाद. या घाटाचा प्रसाद त्या घाटापेक्षा कसा सरस, ही चर्चाही उत्सवाचाच भाग समजावी.

८. नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा कधी असतो? तारीख मिळेल का?

तारीख नदी ठरवते. नृसिंहवाडीचं दत्त मंदिर अगदी पाण्याजवळ, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आहे. नृसिंह सरस्वतींनी इथे बारा वर्षं वास्तव्य केलं, असं संप्रदाय मानतो. पूर चढला की पाणी मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या प्रवाहात स्नान करायला लोक मध्यरात्रीही धावतात. तो दक्षिणद्वार सोहळा. एखाद्या पावसाळ्यात तो अनेकदा होतो, एखाद्यात होतच नाही. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवतात आणि पूजा तिथे चालू राहते.

बाहेरून येणाऱ्यांना यात मोठा विरोधाभास दिसतो. 'मंदिर बुडालं' अशी बातमी असते आणि वाडीत तर आनंद असतो. पायऱ्यांपर्यंत पाणी म्हणजे देवाचं स्नान, घरापर्यंत पाणी म्हणजे आपत्ती. मधलं अंतर काही फुटांचं. सोहळ्याला जाणार असाल तर परतीचा रस्ता पाण्याखाली जाणार नाही ना, हे आधी विचारा. शिरोळ तालुक्यात सगळ्या बाजूंनी पाणी येतं. परतताना कवठाची बर्फी घ्या, ती इतरत्र सहसा मिळत नाही.

९. पुराच्या बातम्यांत 'आयर्विनला ४० फूट' म्हणतात. हे ४० फूट कुठून मोजलेले? आणि पूर अलमट्टीमुळेच येतो ना?

सांगलीत कृष्णेवर १९२९ मध्ये सुरू झालेला आयर्विन पूल आहे. त्याला पट्टी रंगवलेली आहे आणि त्या पट्टीवर पाणी कुठे आहे तो आकडा म्हणजे 'फूट'. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ ला ५७ च्या पुढे आणि २०२१ ला ५५ च्या घरात.

सांगलीकर पावसाळ्यात 'कसं काय?' ऐवजी 'किती फूट?' विचारतो. पण हा आकडा ऐकणाऱ्याच्या घरानुसार वेगळा वाजतो. नदीकाठच्या सखल वस्तीतल्या माणसाने चाळिसाच्या आतच भांडीकुंडी बांधलेली असतात आणि उंचावरच्या कॉलनीतला पन्नासलाही पुलावर पाणी बघायला निघालेला असतो. आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर २००५ ची रेघ खडूने मारली होती, 'याच्या वर कधीच येणार नाही' म्हणून. २०१९ ला ती रेघ साडेतीन फूट पाण्याखाली गेली आणि पाणी ओसरल्यावर पुसून निघालेली होती.

आता अलमट्टी. हा प्रश्न रागाने विचारला जातो, म्हणून सावकाश सांगतो. अलमट्टी धरण कर्नाटकात, सांगलीपासून नदीच्या वाटेने दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. तिथली पाणीपातळी ५१९.६० मीटरपर्यंत ठेवतात. खालचं पाणी फुगून वरच्या भागाचा निचरा मंदावतो, हा इथल्या लोकांचा अनुभवावरचा आक्षेप आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि पूररेषेतली बांधकामं यांच्याकडे तिने बोट दाखवलं. अलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये मान्यता दिली, पण ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे.

माझं मत विचाराल तर, अलमट्टीचं नाव घेतलं की ओढ्यावर भराव टाकून प्लॉट कोणी पाडले हा प्रश्न विचारायचा राहून जातो. दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत. दुसरा जरा जवळचा आहे, म्हणून अवघड जातो.

१०. सांगलीत पूर येतो तर सांगली जिल्ह्यातच दुष्काळ कसा?

नदी खाली आणि दुष्काळी गावं वर, म्हणून. पाऊस का पोचत नाही ते प्रश्न ३ मध्ये आलं. नदीही आपण होऊन तिकडे जाणार नाही, तिला उचलूनच न्यावं लागतं. त्यासाठी ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना आहेत. म्हैसाळचं पाणी मिरज तालुक्यातून उचलून कवठेमहांकाळ आणि जतकडे जातं. टेंभूचं कराडजवळून कडेगाव, खानापूर, आटपाडी आणि पुढे सांगोल्यापर्यंत. टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवायचं म्हणजे विजेचं बिल आलं, आणि बिल कोणी भरायचं हा इथल्या राजकारणाचा कायमचा विषय.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. ३४० किलोमीटरच्या पुढचा प्रवास, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. देशभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. त्याच दिवसांत जतच्या काही गावांत टँकरची वाट पाहिली जात होती. रूळ होते म्हणून पाणी लातूरला पोचलं. जतला पोचायला चढ होता.

११. कोयनेचं पाणी कृष्णेला मिळतं की कोकणात जातं?

दोन्ही. कोयना धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. यातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडून वीज केली जाते. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणकडून समुद्राला जातं. बच्छावत लवादाने (कृष्णेच्या पाणीवाटपाचा आधीचा लवाद) यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. उरलेलं पूर्वेला, म्हणजे कराडकडे येतं. मे महिन्यात नदीत वाहतं पाणी दिसलं तर ते बहुतेक वरच्या धरणांतून सोडलेलं असतं.

पश्चिमेला उतार दीड-दोन हजार फुटांचा नसता तर ही वीजच झाली नसती. तेच पाणी पूर्वेला आलं असतं तर किती रान भिजलं असतं, हा हिशेब कृष्णाकाठचा प्रत्येक शेतकरी तोंडी मांडतो.

भूकंपाबद्दलही विचारतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. जलाशयाच्या भारामुळे भूकंप होऊ शकतात का, याच्या जगभरच्या अभ्यासात कोयनेचं उदाहरण तेव्हापासून घेतलं जातं.

१२. 'प्रतिसरकार' आणि 'पत्री सरकार' यात फरक काय?

चळवळ एकच, नावं दोन. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात इंग्रजांना न जुमानणारं समांतर सरकार उभं राहिलं, ते प्रतिसरकार. न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती, सावकारी आणि दारूविरुद्ध मोहिमा होत्या, कमी खर्चातली 'गांधी लग्नं' लावली जायची. कुंडल हे मोठं केंद्र. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वेतून जाणारी सरकारी रक्कम लुटली गेली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले.

गुन्हेगारांच्या तळपायाला घोड्यासारख्या पत्र्या ठोकतात अशी बोलवा होती, त्यावरून 'पत्री'. धाक दाखवायला ती बोलवा उपयोगी पडली असणार. नदीकाठचा ऊस आणि मळीतली (नदीलगतच्या गाळाच्या जमिनीतली) दाट रानं भूमिगतांना लपायला बरी होती, आणि शेजारी औंध संस्थान असल्याने इंग्रज पोलिसांची हद्द मध्येच संपत असे. हद्दीचा हा घोळ प्रश्न १६ मध्ये पुन्हा येईल.

१३. हरिपूरची हळदीची पेवं अजून पाहायला मिळतात का?

थोडी. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद, आत पोट मोठं, खोली वीस-पंचवीस फूट. हरिपूरची माती इतकी घट्ट की आत बांधकाम लागत नाही. आतून लिंपून, पाला-चगाळ घालून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचं. हवा नाही म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची आणि भाव येईपर्यंत थांबता यायचं. सांगलीची हळदपेठ मोठी होण्यात या थांबण्याचा वाटा आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, कारण आत प्राणवायू नसतो. आधी कंदील सोडून बघायचे. विझला तर थांबायचं. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं, पुष्कळ हळद सडली, पेवं ढासळली आणि व्यापारी गोदामांकडे वळले. पूर नसता तरी शीतगृहांनी ती मागे टाकलीच असती, पण इतक्या झटक्यात नाही.

१४. कृष्णाकाठची वांगी वेगळी का लागतात? आणि तुमच्याकडे जमिनी 'खारावल्या' म्हणतात ते काय?

दोन प्रश्न एकत्र घेतले कारण दोन्हींचं मूळ मातीत आहे. पुराचा गाळ बसून झालेली नदीलगतची जमीन म्हणजे मळी. वांगी या मळीतली. भाजल्यावर साल सुटून येते आणि आतला गर लोण्यासारखा निघतो. माळावर तेच बी लावलं तर वांगी येतात, भरीत होत नाही, असं आमच्याकडे ठामपणे सांगतात. मी दोन्ही खाल्ली आहेत. सांगणाऱ्यांच्या बाजूने आहे.

खारावणं ही दुसरी बाजू. काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते. तिला वर्षानुवर्षं उसासाठी पाट भरभरून पाणी पाजलं की जमिनीखालची पातळी वर येते, सोबत क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षार उरतात. सकाळी रानात गेलं की मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसतो. मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ या तालुक्यांत अशी रानं पाहायला मिळतात. उपाय आहे : जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करायचा. पण एकट्याच्या रानात करून भागत नाही, पाइपचं पाणी ओढ्यापर्यंत न्यायला शेजाऱ्याची बांधाखालची वाट लागते. तंत्र दोन दिवसांत समजतं, शेजाऱ्याला समजवायला दोन पावसाळे जातात.

१५. कृष्णेत पोहलं तर चालेल का? मगरींचं खरं की अफवा?

खरं. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, आमणापूर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत. माणसांवर हल्लेही झाले आहेत. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. वन्यजीव कायद्याने मगर संरक्षित आहे, तिला डिवचणं किंवा मारणं गुन्हा आहे. गावकरी जिथे उतरतात तिथेच उतरा, संध्याकाळनंतर नको, आणि 'इथे कधी दिसली नाही' हे वाक्य पुरावा धरू नका.

आमच्या आजीच्या लहानपणी पूल नव्हते तिथे गुळाच्या काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) बसून नदी ओलांडायचे. ती गोल, म्हणून स्वतःभोवती गिरक्या घेत जायची. पोहायला शिकणारी पोरं पाठीला वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधायची. त्या गोष्टी ऐकून काहिलीतून फेरी मिळेल का, असं दोघातिघांनी विचारलंय. कृपया नको. होड्याच बघायच्या असतील तर सांगलीच्या होड्यांच्या शर्यती बघा, काठावरून.

१६. पणजोबांच्या कागदांवर गाव 'जिल्हा सातारा' आहे, एकावर 'दक्षिण सातारा', एकावर 'औंध संस्थान'. आमचं गाव तर आज सांगलीत आहे. कुठला कागद चुकीचा?

बहुधा एकही नाही. कागदाची तारीख आधी पाहा. ब्रिटिश अमलातली इकडची गावं सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. १९४५ चा कागद 'सातारा' म्हणेल आणि १९५५ चा 'दक्षिण सातारा'. दोन्ही बरोबर.

संस्थानांचं प्रकरण गुंतागुंतीचं. सांगली, मिरज (थोरली पाती आणि धाकटी पाती), कुरुंदवाड, जत, औंध, कोल्हापूर अशा हद्दी या खोऱ्यात ठिगळासारख्या विखुरल्या होत्या. सांगली स्वतः १८०१ मध्ये मिरजेतून वेगळी झाली. नदीच्या या काठचं गाव इंग्रजांचं, समोरचं संस्थानाचं आणि मधलं एखादं तिसऱ्याच राजाचं, असं सर्रास असे. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली ती औंध संस्थानात. त्यामुळे तीन पिढ्या एकाच घरात राहिलेल्या माणसांच्या कागदांवर तीन राज्यं सापडतात.

शोधताना गावाचं नाव आणि सालाबरोबर तेव्हाचा तालुकाही लिहून ठेवा. तालुकेही बदललेत : पलूस आणि कडेगाव हे तालुके अलीकडचे आहेत, त्याआधीच्या कागदांत तीच गावं तासगाव किंवा खानापुरात सापडतील. गाव संस्थानी असेल तर जुने कागद जिल्ह्याच्या अभिलेखात नसण्याची शक्यता धरा आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही चौकशी करा. आणि घरात ट्रंकेत ठेवलेले कागद असतील तर ती ट्रंक आधी माळ्यावर चढवा, मग बाकीचं.